फरशीखालचं ऊन

"चपला काढू नका. मास्तर, मी सांगून राह्यलो, चपला पायातच राहू द्या. आत अनवाणी आला तो गेला."

अक्षय तृतीयेच्या भर दुपारी, पिपरी मेघ्यातल्या स्वतःच्या घराच्या दारात उभे राहून दौलतराव झाडे असे ओरडत होते, की गल्लीच्या टोकाला कडुनिंबाखाली झोपलेली कुत्रीसुद्धा उठून पाय तपासू लागली. दारात वासुदेव मास्तर एका पायावर उभे होते. एक चप्पल काढलेली, एक पायातच. मास्तर म्हणजे आमच्या गल्लीतले निवृत्त गणित शिक्षक, पण त्या दुपारी ते मास्तर नव्हते. आमच्याकडं अक्षय तृतीयेला पितर जेवू घालतात. पितराला स्वतः येणं जमत नाही, म्हणून ओळखीतलं एखादं वयस्कर माणूस त्याच्या नावानं पाटावर बसवतात. त्या दुपारी मास्तर दौलतभाऊंचे स्वर्गवासी वडील होते.

आतून सुमनकाकूंचा आवाज आला, "चपला काढा हो मास्तर. पितर काय बाजारातून येऊन राह्यले का?"

"काढू नका," दौलतभाऊ म्हणाले.

"काढा," काकू म्हणाल्या.

मास्तरांनी जन्मभर पोरांना अंगठे धरून उभं केलं, ते सगळं त्यांना एका मिनिटात परत मिळालं. शेवटी रिवाज जिंकला. त्यांनी दुसरी चप्पल काढली आणि उजवा पाय आत टाकला. त्यांच्या तोंडून जो शब्द निघाला तो कोणत्याही श्राद्धाच्या पोथीत सापडायचा नाही. पितर जागच्या जागी असा उडाला, की डोक्यावरची टोपी पंख्याच्या पात्याला लागून देवघरात जाऊन पडली.

माझं बोलणं फुगलेलं असतं असं लोक म्हणतात. असेलही. शेरातलं पावशेर काढून ठेवा. उरलेलं तीन पाव शुद्ध आहे, कारण मी दौलतभाऊंच्या भिंतीला भिंत लावून राहतो आणि त्यांच्या घरातलं अर्धं मला ऐकू येतं, बाकीचं ते स्वतः कुंपणावरून ओरडून सांगतात.

दौलतभाऊ नोकरीभर बसच्या वर्कशॉपमध्ये होते. काम एकच, रेडिएटर. रस्त्यात उकळून थांबलेली बस आली की दौलतभाऊंना हाक. ते येत, बॉनेट उघडत, डॉक्टर पोटावर ठेवतो तसा तळहात ठेवत आणि म्हणत, "गरमी चुकीच्या जागी बसली हाये राजा. उठवा तिले." त्यांचं सगळं तत्त्वज्ञान या एका वाक्यात होतं. गल्लीत कोणाचं भांडण झालं, कोणाला ताप आला, कोणाचं पीक करपलं, दौलतभाऊंचं निदान ठरलेलं. गरमी चुकीच्या जागी. थंडीवर तर त्यांचा विश्वासच नव्हता. "थंडी नावाची चीजच नाई. गरमी दुसरीकडं गेलेली असते. पत्ता काढा, बोलावून आणा."

आणि दुसरी गोष्ट म्हणजे हा माणूस बसत नसे.

म्हणजे बसतच नसे. जन्मभर बॉनेटमध्ये वाकून उभं राहायची सवय. निवृत्त झाले तरी पाठ सरळ होईना आणि गुडघे वाकेनात. घरी जेवायचे तर ओट्याला टेकून, डाव्या हातावर ताट, उजव्या हातानं घास. लग्नातलं उभ्यानं जेवणं लोक आज शिकले, दौलतभाऊंचं तेव्हापासून पाठ होतं जेव्हा आमच्याकडं पंगतीशिवाय लग्न लागत नव्हतं. न्हाव्याकडं दाढीही उभ्यानं. न्हावी बुटका, तो बिचारा खुर्चीवर चढायचा. बसमध्ये सगळ्या जागा रिकाम्या असल्या तरी हे दांडा धरून उभे. कंडक्टर म्हणायचा, "काका, बसा ना." हे म्हणायचे, "बसलं की गाडी कानानं ऐकावी लागते. उभं राह्यलं की पायातून समजते." खरोखर समजायचं. चप्पल काढून तळवा पत्र्यावर टेकवायचे आणि पुढच्या स्टॉपच्या आत सांगायचे, पंप जाणार. पंप गेला की त्यांना असा आनंद व्हायचा जसा दुसऱ्याला लॉटरी लागल्यावर होतो, आणि उतरलेले प्रवासी त्यांच्याकडं असे पाहायचे की जणू यांनीच नजर लावली.

काकू मात्र खाली बसणाऱ्या. भाजी निवडणं खाली, पोळ्या लाटणं खाली, टीव्ही पाहणं खाली. रोज संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात दोन पाट मांडायच्या. एका पाटावर त्या बसायच्या. दुसऱ्यावर दौलतभाऊंचा पाना आणि पेचकस असायचे, कारण हातातली वस्तू ठेवायला तीच जागा मोकळी सापडायची.

निवृत्तीच्या पैशातून पिपरी मेघ्यात नवं घर बांधलं तिथून गोष्ट बिघडली. घर झकास. गुळगुळीत, पांढऱ्याशुभ्र टाइल्स, पाहणाऱ्याला तोंड दिसेल अशा. बाहेरच्या लोकांना वाटतं वर्ध्याला फक्त ऊन. त्यांनी जानेवारीच्या पहाटे त्या टाइल्सवर अनवाणी उभं राहून दाखवावं, मी त्यांची मिरवणूक काढतो. काकूंचे गुडघे पहिल्याच हिवाळ्यात धरले. त्या खालून उठून दिवाणावर गेल्या. दिवाणावर बसून पोळ्या लाटता येत नाहीत आणि भाजी निवडली की अर्धी खाली पडते. पाट भिंतीला लागले. दुसऱ्या हिवाळ्यात काकूंनी दिवाळी उरकली आणि पिशवी भरली.

"चालली मी समुद्रपूरले, नानाजीकडं," त्या म्हणाल्या. नानाजी म्हणजे त्यांचा भाऊ. शेती आणि बियाण्याचं छोटं दुकान, मातीचं बैठं घर. "तिथं सारवलेली जमीन हाये. मातीले माणसाची दया येते. या फरशीले येत नाई."

"थंडी नसते वं," दौलतभाऊ ओट्याला टेकून म्हणाले. "गरमी दुसरीकडं गेलेली असते."

"मंग तिच्याच मांगं चालली मी."

दिवाळी ते होळी काकू समुद्रपुरात. दौलतभाऊ पिपरी मेघ्यात. गल्लीत तोंड वर करून फिरायचे, पण मला भिंतीतून ऐकू यायचं. माणूस एकट्या घरात सारखा चालत असला की फरशीवर कसा आवाज येतो ते तेव्हा कळलं. एकदा मी कुंपणावरून विचारलं, "भाऊ, तुम्हीच जा ना समुद्रपूरला." ते म्हणाले, "घर मी बांधलं. ते तिले राहू देत नाई. तं दुरुस्त घर करायचं का बायको?" यांच्या जन्माची ती सवयच होती. गाडी बंद पडली तर प्रवासी बदलायचे नाहीत, गाडी दुरुस्त करायची.

मग कोरिया घडलं. त्यांचा जावई तिकडं जहाजाच्या कारखान्यात. लेक रूपालीनं आईवडिलांना बोलावून घेतलं, तेही ऐन थंडीत. परत आल्यावर दोघांनी जे सांगितलं त्यावरून दोघं वेगवेगळ्या देशांत गेले असावेत असा माझा समज झाला. काकूंच्या कोरियात समुद्र होता, बर्फ होता, पूल होता आणि तिखट कोबी होती. दौलतभाऊंच्या कोरियात फक्त फरशी होती.

"लेकाहो, ते लोक आपल्यासारखेच," ते मला आणि मास्तरांना सांगत होते. "खाली बसतात, खाली जेवतात, खालीच झोपतात. आन फरशीच्या खालून गरम पान्याची नळी फिरवली हाये. सगळ्या घरात. बाहेर बर्फ, आत फरशी अशी, जशी दुपारची गच्ची थोडी निवल्यावर असते."

लेकीनं फिरायला न्यायचं ठरवलं की हे घरातच थांबायचे. दिवसभर फरशीवर पालथे पडून, कान टेकवून नळीतलं पाणी ऐकायचे. जावयाला आधी वाटलं सासऱ्याला चक्कर आली, मग वाटलं नमाज पढतात, मग त्यानं विचारणं सोडलं. काकूंचं यावरचं म्हणणं एवढंच, "हे तिथं लोळत होते आन मी बाजूले बसून लसूण सोलत होती. सगळा मुक्काम खालीच बसली मी. गुडघा काही दुखला नाई."

दौलतभाऊंनी या बोलण्यातलं शेवटचं वाक्य तेवढं उचललं आणि घरी येऊन घर खोदायला घेतलं.

फरशीवाल्या मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी हात जोडले. "दौलतभाऊ, फरशीखालचं पानी बंद करन्यात माही जिंदगी गेली. तुमी म्हनता आता ते मुद्दाम सोडायचं." पण दौलतभाऊंनी त्याला कोरियाचे फोटो दाखवले. फोटोत नुसती फरशी. मिस्त्री घाबरून कामाला लागला. जुन्या टाइल्सवरच नळीची वेटोळी अंथरली, त्यावर सिमेंटचा थर, त्यावर नव्या टाइल्स. घर दोन इंच वर आलं. दारं तिथंच राहिली. एका सकाळी देवघराचं, न्हाणीचं, झोपायच्या खोलीचं, कोणतंच दार उघडेना आणि दौलतभाऊ न्हाणीत अडकलेले. सुतार आला, त्यानं सगळ्या दारांची खालची बाजू तासली. उंबरठा मात्र खाली गेल्यासारखा झाला. येणारा प्रत्येक माणूस घरात ठेचकाळूनच शिरायचा आणि दौलतभाऊ प्रत्येकाला म्हणायचे, "या या. दोन इंच वर या."

पाणी तापवायला गच्चीवर भंगारातून आणलेले बसचे दोन रेडिएटर, काळा रंग देऊन उन्हात मांडलेले. पाणी फिरवायला कूलरचा पंप. आमच्याकडं घरात मीठ नसेल एक वेळ, पण कूलरचा जुना पंप माळ्यावर असतोच. आता बटन. घराच्या बोर्डावर एकच बटन मोकळं होतं आणि ते कूलरचं. दौलतभाऊंनी दोन्ही पंप त्याच बटनावर घेतले. मी म्हणालो, "भाऊ, हे बरं नाही." ते हसले. "कूलर उन्हाळ्यात. फरशी हिवाळ्यात. या दोघांची भेट होतच नाई राजा. रातपाळी आन दिवसपाळीले खाट दोन कायले?" होळी झाली की फरशीचा पंप सोडवायचा, दसऱ्याला कूलरचा. एवढंच.

जानेवारीत उद्घाटन. काकूंना समुद्रपूरहून बोलावलं. त्या पिशवीसकट आल्या, पिशवी उघडली नाही, दाराशी ठेवली. मी आणि मास्तर चपला काढून, ठेचकाळून, आत जाऊन उभे राहिलो. दौलतभाऊंनी बटन दाबलं. आम्ही चौघं पायाकडं बघत उभे, जसे लोक फाट्यावर बसची वाट बघतात.

"येऊन राह्यली," दौलतभाऊ म्हणाले.

बराच वेळ गेला.

"कुठपर्यंत आली?" काकूंनी विचारलं.

"जिन्यापर्यंत आली असन."

मग मास्तर खोलीभर फिरले. एका कोपऱ्यात थांबले. "इथं गरम आहे," म्हणाले. दौलतभाऊंचा चेहरा असा उजळला, की तेवढ्या उजेडात वाचता आलं असतं. ते धावत आले, तळवा टेकवला, डोळे मिटले. खरंच गरम होतं. तेव्हा काकू म्हणाल्या, "आताच तिथून मांजर उठली."

गच्चीवरचं कोवळं ऊन, कूलरचा मरतुकडा पंप आणि मधली उघडी नळी. पाणी खाली येईपर्यंत निवून जायचं. काकूंनी पिशवी उचलली. जाताना त्या रागावल्या नव्हत्या, हेच वाईट होतं. म्हणाल्या, "आखितीले येईन. पितर पोराच्याच घरी जेवले पाह्यजे. तवापर्यंत तुमी अन तुमची फरशी राहा."

दौलतभाऊ एकटे. उन्हाळा लागला तरी माळ्यावरचा कूलर खाली उतरवला नाही. ते गच्चीवर, रेडिएटरच्या शेजारी झोपायचे. उभ्यानं झोपतात की आडवे, हे मी वर जाऊन पाहिलं नाही. फरशीचा पंप सोडवायचा राहिला. जे जानेवारीत चालू आहे हे कोणालाच कळलं नव्हतं, ते होळीला बंद करायचं कोणाच्या लक्षात राहणार. आखितीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या दिवशी काकू आल्या. कूलर उतरवला, नवी खस लावली, खिडकीत बसवला. आणि दुसऱ्या दिवशी, पाहुण्यांना गारवा मिळावा म्हणून, सकाळीच बटन दाबलं.

आता परत त्या दारात चला, जिथं टोपी देवघरात पडली होती.

एप्रिलच्या वर्ध्याच्या उन्हात दोन काळे रेडिएटर. त्यातलं पाणी फरशीखालून सकाळपासून फिरत होतं. काकू गुडघ्यांपायी घरातही चपला घालायच्या, त्यामुळं हे कळलं ते फक्त दौलतभाऊंच्या तळव्याला, तेही आत्ताच. कूलर खिडकीतून गार वारा सोडत होता. म्हणजे गुडघ्याच्या वर महाबळेश्वर आणि गुडघ्याच्या खाली तवा. दौलतभाऊ धावत गेले आणि बटन बंद केलं. कूलर थांबला. एका मिनिटात सगळ्यांच्या अंगातून घामाच्या धारा. मास्तर ओरडले, "कूलर लावा." बटन चालू. मास्तर पुन्हा उडाले. दौलतभाऊ बटनावर बोट ठेवून, अगदी आदरानं विचारत होते, "बाबा, तुमाले वरून पाह्यजे का खालून?"

"मला घरी जायचं आहे," मास्तर म्हणाले.

"पितर असं उठत नसते," काकू म्हणाल्या. आणि ते खरं होतं. पाटावर बसलेला पितर जेवण न संपवता उठला तर वर्षभर घराला लागतं. मास्तर एव्हाना उडत उडत पाटावर येऊन बसले होते. पाट लाकडाचा, पण मांडी घातलेले पाय पाटाच्या बाहेर. समोर आमरस, पुरणपोळी, वडे, कुरडया, चिंचोणीची, म्हणजे चिंचेच्या गोड पाण्याची, वाटी.

दौलतभाऊंनी समजूत काढून पाहिली. "मास्तर, माहे बाबा चैताच्या उन्हात अनवाणी वावरात जात होते. तुमी आज बाबाच ना?"

"बाबा मी बारा वाजल्यापासून झालो," मास्तर म्हणाले. "पाय माझे जुनेच आहेत."

मार्ग काकूंनीच काढला. पितर आले की त्यांचे पाय धुवायचे असतातच. त्यांनी मोठी परात आणली, माठातलं गार पाणी ओतलं आणि मास्तरांचे दोन्ही पाय त्यात ठेवले. ठेवले ते ठेवलेच. मास्तर परातीत पाय सोडून जेवले. काकू दर पोळीमागं एक तांब्या गार पाणी ओतत होत्या. मी म्हणालो, "काकू, पाय धुणं फार लांबलं." त्या म्हणाल्या, "धुवायचे एवढं सांगतलं हाये. किती वेळ ते कोनी सांगतलं?" मास्तर शेवटी इतके खुश झाले की पुढच्या वर्षीही यायचं कबूल करून गेले. अट एकच, परात तीच पाहिजे.

सगळे गेल्यावर काकू दारात उभ्या राहिल्या. पायात चपला होत्या. म्हणाल्या, "जानेवारीत जिन्यात होती. आता पोचली. चार महिने लागले तिले." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा समुद्रपूर. आता तर उन्हाळ्यातही.

गल्लीनं मात्र फायदा घेतला. बोरगाव मेघ्याहून बाया कुरडया, पापड, सरगुंडे घेऊन आल्या. गच्चीवर वाळवण घातलं की कावळे, धूळ, पोरं. इथं दौलतभाऊंच्या हॉलमध्ये, पंखा लावून, सावलीत, कुरडई चहा होईपर्यंत वाळायची. मी स्वतः पाहिलं, एका बाईनं ओला पापड टाकला आणि उचलला तेव्हा भाजलेला होता. पावशेर काढा हवं तर. दौलतभाऊ बायांच्या मध्ये उभे असायचे, अपमान गिळून. "कोरियात याच्यावर माणसं झोपतात," ते सांगायचे. बाया म्हणायच्या, "पुढच्या वर्षी मिरच्याही आणू का?"

दिवाळीनंतर त्यांनी ठरवलं. बायको फरशीकडं येत नाही तर फरशी बायकोकडं जाईल. नळीचं वेटोळं आणि तांब्याचं एक जुनं नळकांडं घेऊन ते समुद्रपूरच्या बसमध्ये चढले. कंडक्टर म्हणाला, "काका, हे काय सामान हाये?" हे म्हणाले, "बसचाच पार्ट हाये. माहेरी चालला." आणि समुद्रपूरपर्यंत दांडा धरून उभे गेले.

नानाजी हा साधा माणूस. दुसऱ्या कोणी त्याचं घर खोदतो म्हटलं असतं तर त्यानं बैल सोडले असते. पण समोर बहिणीचा नवरा, घरचा जावई. जावयाला आमच्याकडं नाही म्हणता येत नाही. तो एवढंच म्हणाला, "दौलतराव, भिंती ठेवसान ना?"

यावेळी पंप नको, बटन नको, वीज नको. गरम पाणी आपणहून वर चढतं आणि निवलेलं खाली उतरतं, हे रेडिएटरवाल्याला नवं नव्हतं. म्हणून चूल जमिनीच्या खाली पाहिजे. दौलतभाऊंनी घरामागं मांडीएवढा खड्डा खोदला, उतरायला मातीच्या पायऱ्या केल्या, खड्ड्यात चूल मांडली, चुलीत तांब्याचं नळकांडं. तिथून नळी भिंतीखालून खोलीत. मातीची जमीन उकरायला सोपी. नळी पुरली, माती चोपली, वरून काकूंनी सारवलं. चुलीत पऱ्हाटी लावली. कपाशीच्या पऱ्हाट्या तिथं कोणाला कमी. थोड्या वेळानं सगळे दारात उभे राहून बघू लागले. ओल्या सारवणावर एक कोरडी रेघ उमटली. मग वळली. मग परत आली. खोलीभर नळीचा नकाशा सारवणात आपोआप उमटत गेला. नानाजीनं नमस्कार केला. त्याला वाटलं नाग आहे.

यावेळी चाललं. एवढं चाललं की पंचाईत झाली. समुद्रपुरातल्या मांजरांना बातमी कशी कळते मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी खोलीत मांजरांची पंगत होती. मग कोंबडी आली आणि अंडी तिथंच घालून निघून गेली. उबवायचं काम तिनं जमिनीवर सोपवलं. बकरीची पिल्लं आली. शेजारचे म्हातारे ख्यालीखुशाली विचारायला यायचे आणि उठायचेच नाहीत. नळीला एका जागी बारीक पाझर होता. तिथं नानाजीच्या बियाण्याच्या पोत्यातला हरभरा सांडला होता. आठवड्यात घरात हरभरा वीतभर. नानाजीनं हात कमरेवर ठेवून विचारलं, "दौलतराव, बैलाचा डवरा आता घरातून फिरवू का?" काकूंनी मात्र बसल्या जागेवरून हात लांबवून भाजी खुडली.

होय, बसल्या जागेवरून. काकू खाली बसल्या होत्या. दौलतभाऊंनी हे मला फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज असा होता जसा पहिली पोरगी झालेल्या बापाचा असतो. "बसली राजा. जमिनीवर. पाय लांब करून." मागून धुराचा खोकला ऐकू आला. चूल विझू द्यायची नव्हती. विझली की जमीन निवते.

गेल्या हिवाळ्यात समुद्रपूरजवळ एका नातेवाइकाच्या तेरवीला गेलतो. परतताना संध्याकाळी नानाजीच्या घरी वळलो. दार उघडं. चपला काढून आत पाय ठेवला आणि खरं सांगतो, इथं पावशेरही काढू नका, त्या जमिनीनं पायाला धरून ठेवलं. अंगातला दिवसभराचा प्रवास तळव्यातून निथळून गेला. मांजरं होती, दोन पिल्लं होती, नानाजी तोंड उघडं टाकून भिंतीशी झोपला होता. काकू नव्हत्या.

मागच्या दारानं बाहेर गेलो. वारा असा, की कान हातात काढून खिशात ठेवावेत. तिन्हीसांजेच्या उजेडात अंगणात जमिनीवर दोन डोकी ठेवलेली दिसली. एक टोपीचं, एक पदराचं. जवळ गेलो तेव्हा खाली खड्डा, चूल आणि चुलीपुढं मांडलेले दोन पाट.

दौलतभाऊ बसले होते.

मी मुद्दाम दोनदा पाहिलं. गुडघे वाकलेले, मांडीवर ताट, ताटात भाकर आणि हरभऱ्याची भाजी. एक घास तोंडात, एक पऱ्हाटी चुलीत. शेजारच्या पाटावर काकू, धुरानं डोळे लाल, लसूण सोलत. खड्ड्यात एवढा धूर होता की त्यात हिंग घालून फोडणी द्यावी.

"फरशी पाह्यली का?" दौलतभाऊंनी बसल्या बसल्या विचारलं. ते तिला फरशीच म्हणतात. "पाय लावून पाह्यला का?"

"पाहिला भाऊ. कोरिया झक मारतो."

"ऐक वं," ते काकूंना म्हणाले, आणि मग मला, "हिले सांग. मी सांगून थकलो. एवढी मेहनत केली, जमीन अशी तापवली, आन ही रोज इथं येऊन धुरात बसते. थांब, पऱ्हाट्या आणतो." ते चूल न्याहाळत उठले, पायऱ्या चढले आणि अंधारात गंजीकडं गेले.

मी खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसलो. म्हणालो, "काकू, आतली जमीन एवढी मस्त गरम आहे. मग तुम्ही इथं काऊन?"

काकूंनी लसणाची साल चुलीत टाकली, डोळे पदरानं पुसले आणि म्हणाल्या, "आत कोन हाये?"